गोपाद्रीची गंगाजळी: घरच्या घरी बनवलेल्या डी अँड डी मोहिमेच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

आधी काय करायचंय ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच कळेल की कुठून सुरू केलं होतं. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ), फिफ्थ एडिशन, चार खेळाडू, सगळे लेव्हल ३, आणि खेळ चालवणारी, म्हणजे डीएम, मी. मामेभाऊ रोग (इंग्रजीतला rogue, चोरटा) खेळतो, कॉलनीतला एक मित्र रेंजर (रानवाटा जाणणारा), वहिनी विझार्ड (जादूगार), आणि ऑफिसमधला एकजण बार्ड (गाण्यातून जादू करणारा). टेबलवर अर्धी मराठी अर्धी हिंदी चालते, लष्करात (ग्वाल्हेरातला आमचा भाग) आपल्याकडे घरोघरी चालते तशीच. त्यांच्यासाठी आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर बेतलेलं डंजन (खेळाडूंनी शोधत फिरायची जागा) करायचंय, सोबत बार्डची एक नवी सबक्लास (क्लास म्हणजे पात्राचा प्रकार, सबक्लास त्याचा उपप्रकार), एकदोन भुतं, थोड्या जादूच्या वस्तू.

सप्टेंबरमध्ये नवीन सुधारित नियम आलेत पण आम्ही २०१४ च्याच नियमांवर राहतोय. कारण सरळ आहे, त्याचा मूळ नियमसंच, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये फुकट आहे, त्यातलं घेऊन बदलून वाटलं तरी चालतं, फक्त श्रेयाची ओळ टाकायची. ही ओळ पहिल्याच दिवशी पहिल्या पानावर टाकून मोकळं व्हा, शेवटी राहून जाते. आणि एक, एसआरडीत प्रत्येक क्लासची एकच सबक्लास आहे, तेव्हा बाकी पुस्तकांतल्या सबक्लासची फीचर्स उचलून आपल्या पीडीएफमध्ये चिकटवायची नाहीत.

कथा आमच्या घरात सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. शिंद्यांचा खजिना, गंगाजळी, किल्ल्यात तळघरांमध्ये लपवलेला, आणि त्याचं बीजक, म्हणजे ठिकाणाची सांकेतिक खूण, फक्त महाराजांना ठाऊक. १८५८ नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला तो १८८६ ला झाशीच्या बदल्यात परत मिळाला, म्हणजे एवढी वर्षं इंग्रज खजिन्याच्या डोक्यावर बसून होते. आणि त्याच १८८६ मध्ये जयाजीराव गेले, त्यांचा मुलगा माधवराव तेव्हा नऊ वर्षांचा. बीजक सांगायचं राहून गेलं असं म्हणतात. यापेक्षा चांगला डंजन मला तरी सुचणार नव्हता.

माझ्या जगातल्या गडाचं नाव गोपाद्री. हे जुन्या शिलालेखांतलं नाव आहे, आणि ते वापरलं की खरा इतिहास मोडला-तोडला म्हणून कुणी भांडायला येत नाही.

काय घ्यायचं नाही ते पण आजच ठरवलं. दाता बंदी छोडची (गुरू हरगोबिंदांची) गोष्ट, उरवाईच्या बाजूच्या जैन मूर्ती, जौहर कुंड, हे तिन्ही बाहेर. बावन्न राजे गुरूंच्या अंगरख्याच्या टोकांना धरून बाहेर पडले ही गोष्ट खेळाच्या दृष्टीनं फारच भारी आहे हे मला पण दिसतं, पण लोक तिथं माथा टेकवायला जातात, तिथं फासे टाकायचे नाहीत. वेताळाचं पण तेच, कोकणात त्याची देवळं आहेत, मग त्याला हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) कशाला द्यायचे.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला, आज मुहूर्त. बार्डची सबक्लास, नाव "घराणं".

डोक्यात असं होतं की ग्वाल्हेर घराण्याची गायकी अष्टांग म्हणतात, तर आठ अंगं म्हणजे आठ फीचर्स. लिहायला घेतल्यावर लक्षात आलं की बार्डला सबक्लासची फीचर्स मिळतात लेव्हल ३, ६ आणि १४ ला, बस. आठ कुठे कोंबणार? तिथेच अर्धा दिवस गेला. शेवटी आठांचा हट्ट सोडला आणि तालाकडे वळले.

आयडिया: बार्ड गायला लागला की तीनतालाचं आवर्तन सुरू होतं. सोळा मात्रा, चार विभाग, प्रत्येक राउंडला (लढाईत सगळ्यांचा एकेक टर्न, म्हणजे पाळी, झाली की एक राउंड) एक विभाग म्हणजे चार मात्रा. राउंड एक, दोन, तीन (ही खाली, टाळीविना), चार, आणि पाचव्या राउंडला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा परत. समेवर मोठा धमाका, सगळ्या मित्रांना इन्स्पिरेशनचे (बार्ड मित्राच्या रोलला मदत म्हणून देतो ते) दोन-दोन डाइस. कागदावर फार सुंदर दिसलं, मी खुश.

२० ऑक्टोबर

टेबलवर लावलं. सम आलीच नाही.

फिफ्थ एडिशनमधली लढाई तीनचार राउंडमध्ये संपते, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी पाचव्या राउंडला बक्षीस ठेवलं होतं. बार्डवाला बिचारा प्रत्येक राउंडला "चौथी मात्रा, आठवी मात्रा" मोजत बसला, तोवर रेंजरनी शेवटचा गॉब्लिन पाडला. दुसऱ्या लढाईत त्यानी मुद्दाम लढाई लांबवायचा प्रयत्न केला, म्हणजे शत्रूला मारायचं सोडून मागे उभा राहिला, आणि मामेभाऊ भडकला. "ताई, हा गातोय आणि मार आम्ही खातोय."

पहिला उपाय सुचला तो ताल लहान करायचा. रूपक घ्यावा, सात मात्रा, तीन-दोन-दोन, म्हणजे तीनच विभाग, आणि रूपकात समेवरच खाली असते ते पण मजेशीर. तीन राउंडांत आवर्तन पुरं. करून बघितलं. लढाईत सम आली, पण बार्डला अजूनही करायला काही नव्हतं, तो फक्त मोजत होता. मोजणं हा काही निर्णय नाही. आपोआप येणारी सम कुठल्याही तालात घातली तरी तेवढीच कंटाळवाणी.

३ नोव्हेंबर

भाऊबीजेला काकांकडे गेले होते. काकू माधव संगीत महाविद्यालयात शिकलेल्या, त्यांना मी हे सगळं सांगत बसले, गेम काय असतो तिथपासून. त्यांनी शांतपणे ऐकलं, करंज्यांची ताटली पुढे सरकवली, आणि म्हणाल्या, "अगं पण सम एकट्या गाणाऱ्याची नसतेच ना. तबलेवाला तिथं येतो, ऐकणारे तिथं मान हलवतात. तुझ्या खेळात बाकीचे काय करतात?"

बाकीचे काही करत नव्हते. हाच तर घोळ होता.

घरी येऊन रात्रीच नवीन नियम लिहिला. बार्ड बोनस अॅक्शननी इन्स्पिरेशन देताना जाहीर करतो की सम कुणाच्या टर्नवर पडणार, त्याच राउंडमध्ये, कुणीही एक मित्र. त्या मित्रानी तो डाइस त्याच टर्नमध्ये वापरायचा. वापरला तर दोन डाइस टाकून वापर. नाही वापरला तर डाइस वाया, परत मिळत नाही. राउंड, मात्रा, मोजणी सगळं उडवलं, नियम चार ओळींत बसला.

१० नोव्हेंबर

आकडेमोडीचा दिवस. "दोन डाइस टाकून वापर" असं मी ढिसाळ लिहिलं होतं, बार्डवाल्यानी विचारलं बेरीज की मोठा? तेव्हा दोन्ही मोजून बघितलं.

लेव्हल ३ चा माणूस, हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशाला +५, समोर आर्मर क्लास (घाव लागायला गाठायचा आकडा) १५. नुसता मारला तर लागायची शक्यता ५५ टक्के. नेहमीचा इन्स्पिरेशनचा डी६ (सहा बाजूंचा फासा) मिळाला तर साडेबहात्तर. दोन डी६ ची बेरीज केली तर ८७ टक्के, म्हणजे चुकणं जवळपास बंदच. दोनातला मोठा घेतला तर ७७.

बेरजेचा पर्याय तिथेच मेला. या एडिशनमध्ये लहान बोनसलाच मोल आहे, प्रोफिशिएन्सी बोनस (कसब असलेल्या रोलवर मिळतो तो) पहिल्या लेव्हलला +२ असतो आणि विसाव्या लेव्हलला +६, त्यात तुम्ही मध्येच सरासरी +७ टाकलात तर बाकीचे कष्ट वाया. दोनातला मोठा घेतला की सरासरी ३.५ वरून ४.४७ होते. डी८ ची सरासरी ४.५. म्हणजे फायदा एका पायरीएवढा, आणि किंमत अशी की साधी इन्स्पिरेशन दहा मिनिटं टिकते, ही एकाच टर्नला. हिशेब बसला. आपली घरगुती सबक्लास करणाऱ्यांनी काहीही करा, पण हे टक्के काढल्याशिवाय टेबलवर नेऊ नका, कागद-पेन्सिलनी निघतात, कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

संध्याकाळी खेळलो. आता बार्ड म्हणतो "सम वहिनींवर", आणि वहिनी म्हणतात "नको रे, मी या टर्नला पळणार आहे, डाइस कशावर वापरू, रोगला दे". टेबलवर वाद. मला हेच पाहिजे होतं. लेव्हल ६ ला "खाली" ठेवली: बार्ड एका शत्रूचा टर्न खाली म्हणून सांगतो, तो टर्न संपेपर्यंत त्या शत्रूला आणि त्याच्या साथीदारांना रिअॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नला करायची झटपट कृती) नाही. हे तपासायला सगळ्यांना एका संध्याकाळपुरतं लेव्हल ६ केलं, ठीक चाललं, रोगला फार आवडलं.

१७ नोव्हेंबर

चकवा. रात्री रस्ता चुकवणारं भूत, आपल्याकडच्या प्रत्येक आजीला माहीत. गडावर तळघराकडे जाताना पार्टीला, म्हणजे चौघांच्या पात्रांना, चकवा लागतो.

नियम असा होता: दर तासाला सर्व्हायव्हल चेक (रानात वाट काढायचा रोल), डीसी १५ (एवढे गाठले की यश), तीन यश मिळाली की सुटका, चुकलात की परत त्याच जागी. आधी रेंजरशी भांडण, कारण रेंजर त्याच्या आवडत्या प्रदेशात जादूशिवाय हरवूच शकत नाही. मी म्हणलं चकवा जादूच आहे, तो म्हणे मग माझ्या फीचरचा उपयोग काय, आणि त्याचं पण बरोबर होतं. मग रोल सुरू. चुकला. परत त्याच जागी. चुकला. परत त्याच जागी. लागला. चुकला. रेंजरनी डाइस खाली ठेवला आणि म्हणाला, "यार, ये तो लूडो हो गया."

अख्खी संध्याकाळ गेली आणि कथा एक पाऊल पुढे सरकली नाही. वहिनींनी मध्येच जाऊन कुकर लावला तरी त्यांचं काही बुडलं नाही, एवढ्यावरून काय ते समजा.

२४ नोव्हेंबर

चकव्यातले सगळे चेक काढून टाकले. आता चकवा फक्त वर्णनात राहतो. गडावर खरंच ऐंशी खांबांची बावडी (पायऱ्यांची विहीर) आहे, ती घेतली. पार्टी बावडीपाशी येते, मी वर्णन करते, खांब ऐंशी. पुढे जातात, तीन वाटांपैकी कुठलीही घ्या, परत बावडी. या वेळी वर्णन जवळपास तेच, पण खांब एकोणऐंशी. पुढच्या वेळी पायऱ्यांवरचं शेवाळ दुसऱ्या अंगाला. कुणी विचारलं तरच खरं उत्तर द्यायचं, आपणहून नाही. रेंजरला त्याच्या फीचरचा मान म्हणून एक गोष्ट न विचारता कळते: आपण गोल फिरतोय. कसं सुटायचं ते नाही कळत.

सुटायचा उपाय माझ्या आजीचा, जागच्या जागी बसायचं. खेळात म्हणजे एक शॉर्ट रेस्ट, एक तास. पण मशाल एकच तास जळते, आणि त्यांच्याकडे दोनच उरलेल्या. चालत राहिलो तर मशाल जळते आणि बसलो तरी जळते, आणि बसलो की पहारेकरी येतात. कुठलं नुकसान पत्करायचं ते त्यांनी ठरवायचं.

खेळून बघितलं, मामेभावानी तिसऱ्या फेरीला खांब मोजायचे म्हणून विचारलं आणि मी "अठ्ठ्याहत्तर" म्हणलं तेव्हा सगळे गप्प. डाइस एकदाही टाकला नाही. स्टॅट ब्लॉक (भुताच्या आकड्यांची चौकट) पण लिहिला नाहीये, चकव्याला हिट पॉइंट नाहीत, त्याला मारता येत नाही.

१ डिसेंबर

तळघर. मान मंदिराखाली (गडावरचा राजवाडा) दोन मजली तळघर आहे, गोल दालन, वरून हवा-उजेडाला झरोके. मोगलांच्या काळात तिथे शाही कैदी ठेवत, औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यात कैदेत होता आणि १६६१ मध्ये इथेच मारला गेला. माझ्या गोपाद्रीत तिथे बिननावाच्या कैद्यांच्या सावल्या. एसआरडीतला शॅडो जसाच्या तसा घेतला, आर्मर क्लास १२, हिट पॉइंट १६, चॅलेंज रेटिंग (राक्षस किती कठीण तो आकडा) अर्धा.

हिशेब केला होता. चार शॅडो, प्रत्येकी १०० एक्सपी (अनुभवाचे गुण), चौघं असले की दुप्पट धरायचं, ८००. लेव्हल ३ च्या चौघांना मध्यम लढाई ६०० ची, कठीण ९०० ची. म्हणजे मध्यमच्या थोडी वर. असं पुस्तक म्हणतं.

पण शॅडोचा घाव लागला की नुसते हिट पॉइंट नाही जात, स्ट्रेंग्थ १डी४ नी कमी होते, आणि शून्य झाली की माणूस मेला, डेथ सेव्ह (मरता मरता वाचायचा रोल) वगैरे काही नाही. वहिनींच्या विझार्डची स्ट्रेंग्थ ८. डी४ ची सरासरी अडीच. म्हणजे तीनचार घाव. दुसऱ्या राउंडच्या शेवटी स्ट्रेंग्थ १ वर होती आणि हिट पॉइंट अजून अर्ध्याच्या वर, वहिनींना कळेना की मी एवढी घाबरले का आहे. शेवटच्या शॅडोचा रोल मी पडद्यामागे टाकला, लागला होता, मी चुकला म्हणून सांगितलं. नोंदवहीत खरं लिहायचं म्हणून लिहितेय, त्यांना सांगितलेलं नाही.

चॅलेंज रेटिंग हिट पॉइंट आणि डॅमेजवरून काढतात, स्ट्रेंग्थ खाणं त्यात नीट धरलेलंच नाही. तर कुठलंही रेडीमेड भूत घेताना आकडा बघण्याआधी विचारा, हे माझ्या पार्टीतल्या सगळ्यात कमकुवत स्कोअरवर हल्ला करतं का.

दुरुस्ती: शॅडो काढले नाहीत, झरोके वापरले. शॅडोला सूर्यप्रकाशात सगळ्या रोलना डिसअॅडव्हान्टेज (दोनदा टाकून लहान आकडा घ्यायचा) असतो, ते त्याच्या ब्लॉकमध्येच आहे. दालनात पितळी आरसे ठेवले, अॅक्शन खर्चून आरसा फिरवला की एक पट्टा उजेडाचा. संध्याकाळ होत आलीय, उजेड थोडाच वेळ. आता विझार्डला लढाईत जादूखेरीज पण एक काम आहे, आणि मला खोटं बोलायची गरज नाही.

८ डिसेंबर

नकाशा. पैशांचा भाग.

तळघराचा नकाशा दोन फूट बाय तीन फूट फ्लेक्सवर छापायचं ठरवलं, कागदापेक्षा स्वस्त पडतं, निवडणुकीचे बॅनर छापतात तेच दुकान. सहा चौरस फूट, पंधरा रुपये फुटानी नव्वद रुपये. एका चौकोनाला एक इंच असं आखून दिलं होतं. दुकानदारानी फाइल उघडली, कडेला पांढरी पट्टी पाहिजे म्हणून सगळं थोडं लहान केलं, आणि घरी येऊन बघते तर चौकोन इंचाहून कमी, दोन मोहरे शेजारी ठेवले की एकमेकांवर चढतात. परत नव्वद. या वेळी फाइलमध्येच एका कोपऱ्यात एक इंचाची रेघ आखली आणि खाली लिहिलं "ही रेघ मोजून एक इंच", आणि दुकानात पट्टी घेऊनच गेले.

फ्लेक्सचा फायदा म्हणजे त्यावर मार्करनी लिहिता येतं. व्हाइटबोर्डचा मार्कर हातानी पुसला जातो, खेळतानाच बाही लागून पुसला जातो हा त्याचा तोटा. परमनंट मार्कर वापरा, सॅनिटायझर लावलेल्या कापडानी साफ निघतो. आधी कोपऱ्यात करून बघा.

१५ डिसेंबर

बीजक. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात जास्त फुकट गेला.

शिंद्यांच्या दफ्तरात मोडी, तर बीजक मोडीत पाहिजेच. मोडीचा युनिकोड फॉन्ट फुकट मिळतो. मी चार ओळींची ओवी रचली, मोडीत टाइप केली, झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला, छापून आले नुसते चौकोन. तिथे तो फॉन्टच नव्हता. घरून पीडीएफ करून न्या, फॉन्ट आत बसतो. मग जाड कागद, चहाच्या पाण्यात बुडवला, वाळवला, कडा मेणबत्तीवर जाळल्या (गॅलरीत, आईचा ओरडा), बघायला झकास.

टेबलवर ठेवला. मोडी कुणालाच येत नव्हती हे ठीक, तक्ता दिला होता. अक्षर-अक्षर लावून ओवी निघाली, त्यातच बराच वेळ गेला. मग ओवीतून अर्थ काढायचा होता, आणि अर्थ एकच होता, माझ्या डोक्यातला. रेंजरला जुनी मराठी कळेना, तो मोबाइल बघायला लागला. मामेभावानी माझ्या उत्तरापेक्षा चांगलं उत्तर दिलं आणि मी "नाही" म्हणलं. हे सगळ्यात वाईट. दीड तास. शेवटी मीच सांगितलं.

त्या रात्री ठरवलं ते असं. एक, मोडीचा कागद राहणार, पण त्यात फक्त एक शब्द, "झरोका". अख्खी ओवी नको, एक शब्द लावायला मजा येते, चार ओळी लावायला शिक्षा होते. दोन, तीच गोष्ट कळायच्या तीन वेगळ्या वाटा: कागद, पहारेकऱ्याची बडबड, आणि भिंतीवरच्या झिजलेल्या खुणा. एक सुटली तर दुसरी. तीन, खेळाडूंनी माझ्याहून चांगलं उत्तर दिलं तर तेच उत्तर. आमच्या मामेभावाचं उत्तर असं होतं की खजिन्याची वाट पाण्याखालून, बावडीतून. आता फाइलमध्ये वाट तिथूनच जाते.

२२ डिसेंबर

तानसेन समारोह नुकताच झाला, एक रात्र थंडीत कुडकुडत ऐकला, त्यामुळे आज जादूच्या वस्तू.

तानसेनाच्या समाधीशेजारच्या चिंचेची पानं चावली की गळा गोड होतो म्हणतात. माझी वस्तू: "तानसेनाचं चिंचपान", कॉमन, एकदाच वापरायची. आधी लिहिलं होतं की दिवसभर करिश्माच्या चेकना +२. सगळ्यांनी पिशवीत टाकली आणि विसरले. आता: एका परफॉर्मन्स किंवा पर्सुएशन (समोरच्याला पटवणं) चेकला अॅडव्हान्टेज (दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा), पण पुढचा एक तास आवाज इतका खणखणीत की कुजबुजता येत नाही, बोललात तर स्टेल्थला (लपून वावरण्याला) डिसअॅडव्हान्टेज. रोगनी पहारेकऱ्याला पटवायला खाल्लं आणि नंतर तासभर खुणांनी बोलत होता. तोटा लिहिल्यावर वस्तू लक्षात राहायला लागली.

एकच गोष्ट पहिल्या फटक्यात जमली ती चांदीची आगगाडी. शिंद्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरते ती, सुरई उचलली की थांबते. मी गडाच्या मेजवानीच्या दालनात तशीच ठेवली, मालाऐवजी किल्ल्या वाहणारी. नियम काहीच लिहिले नव्हते. ग्वाल्हेरच्या प्रत्येक पोराला शाळेच्या सहलीत ती दाखवलेली असते, त्यामुळे सगळे एकदम ओरडले "उचल, उचल".

२९ डिसेंबर

शेवटचा रखवालदार: ब्रह्मराक्षस. खजिन्याचा जुना फडणीस, बीजक न सांगता मेला.

नवीन राक्षस असल्यामुळे डीएमच्या पुस्तकातला तक्ता घेतला. चॅलेंज रेटिंग ३: आर्मर क्लास १३, हिट पॉइंट १०१ ते ११५, एका राउंडला डॅमेज २१ ते २६. मी ११० दिले. लढाई संपेचना. माझ्या चौघांचं मिळून एका राउंडला पंचविसेक जातं तेही सगळं लागलं तर. कुणाला भीती नाही, कुणाला घाई नाही, नुसतं "मारतो, लागला, सात". कुणीतरी तिळाची गजक फोडली आणि लढाईपेक्षा गजकेची चर्चा जास्त झाली, मुरैन्याची की इथलीच.

५ जानेवारी २०२५

तक्त्याशी छापील राक्षस ताडून बघितले. आउलबेअर, चॅलेंज रेटिंग ३, दोन हल्ले मिळून सरासरी डॅमेज २४, तक्त्यात बरोबर बसतं. पण हिट पॉइंट? ५९. ट्रोल तर रेटिंग ५, आणि हिट पॉइंट ८४. म्हणजे पुस्तक लिहिणारे स्वतःच आपल्या तक्त्याएवढे हिट पॉइंट देत नाहीत. फडणीसाला ६० केले, डॅमेज तेच ठेवलं, हल्ल्याचा बोनस +४ होता तो +६.

आणि एक भर घातली. फडणीस लढायच्या आधी हिशेब मागतो: गडावर आल्यापासून काय उचललं, कुठून, किती. खरं सांगितलं तर तो प्रत्येक परत ठेवलेल्या वस्तूमागे दहा हिट पॉइंटनी कमी होतो. खोटं पकडलं तर पहिल्या राउंडला त्याला अॅडव्हान्टेज. आज पंचवीस मिनिटं चौघं आपापल्या कॅरेक्टर शीटवर बोट ठेवून खरं काय लिहायचं यावर भांडत होते. रोगनी चांदीची सुरई लपवली होती हे बाकीच्यांना तेव्हाच कळलं. सुरई गेली, फडणीस ५० वर आला, तिसऱ्या राउंडला पडला, सम रोगवर होती.

१२ जानेवारी

फाइल साफ केली. एकूण खर्च: फ्लेक्स दोनदा मिळून १८०, कागद-छपाई साधारण दीडशे, डाइसचा जास्तीचा सेट ४५०, तो नसता घेतला तरी चाललं असतं, मोबाइलवर फिरवता येतात. वेळ सगळ्यात जास्त गेला बीजकावर आणि तालावर, सगळ्यात कमी आगगाडीवर.

पीडीएफ अठरा पानांची होती ती अकरावर आणली. गडाचा इतिहास म्हणून लिहिलेली पाच पानं काढली, चारपैकी कुणीच ती वाचली नव्हती, आणि चकव्याची दोन पानांची सारणी. लेव्हल १४ चं फीचर अजून लिहिलेलं नाही. आमचे लोक आता लेव्हल ४ ला पोचलेत, टेबलवर न लावता लिहिलं तर परत सोळा मात्रांसारखं होईल, म्हणून त्या जागी "बाकी" असं लिहून ठेवलंय. पुढचं सेशन संक्रांतीनंतरच्या रविवारी, बावडीच्या तळाशी.